यंत्राची चतुःसीमा

जमिनीच्या खरेदीखतात क्षेत्रफळाचा आकडा असतो, परंतु तेवढ्याने खत पुरे होत नाही; पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस कोणता ओढा, दक्षिणेस गावरस्ता आहे की गायरान, ही चतुःसीमा लिहिल्याखेरीज तो तुकडा नेमका कोणता हे शाबीत होत नाही, आणि पुढेमागे तंटा उभा राहिला तर तोही बहुधा आकड्यावरून राहत नाही, शेजारावरून राहतो. संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीने त्या संगणकालाच त्याच्या रचनेविषयी प्रश्न विचारावा, यासाठी गेल्या अर्धशतकात ज्या पद्धती योजल्या गेल्या, त्यांच्या इतिहासाचे मर्म मला याच भेदात दिसते. या पद्धती रचणाऱ्यांनी आरंभी संख्या मागितली, कारण संख्या मागणे सोपे आणि देणेही सोपे. शेजार मागण्याची पाळी आली तेव्हा मात्र जुन्या साऱ्या तजविजी एकामागून एक तोकड्या पडत गेल्या.

अगदी पूर्वी हा प्रश्न यंत्राला विचारावाच लागत नसे, कारण त्याचे उत्तर माणसाच्या दप्तरी असे. बेल प्रयोगशाळेतून १९७५ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत मेककॉन्फ नावाची एक लहानशी आज्ञावली होती. यंत्राला कोणत्या तबकड्या, कोणती फीतयंत्रे, कोणते छपाईयंत्र जोडलेले आहे याची यादी व्यवस्थापकाने तिच्यापुढे ठेवावी, तिने त्या यादीवरून कोष्टके लिहून द्यावीत, आणि ती कोष्टके कर्नेलमध्ये गुंफून सारी व्यवस्था नव्याने बांधून घ्यावी, असा शिरस्ता होता. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने जो पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला त्यात ही यादी कागदावरून उतरून पेटीच्या आत गेली, एवढाच काय तो फरक. मदरबोर्डावर बारीक स्विचांचे दोन संच असत. फ्लॉपी ड्राइव्ह किती, पडदा कोणत्या जातीचा, स्मृती किती, हे त्या स्विचांच्या वर-खाली असण्यावरून ठरे, आणि यंत्र सुरू होताना बायोस ते वाचून ठेवी. पुढे कोणत्याही आज्ञावलीला चौकशी करावयाची झाल्यास षोडशमान पद्धतीतील ११ आणि १२ या क्रमांकांचे दोन इंटरप्ट राखून ठेवलेले होते. ११ क्रमांकाला विचारले असता सोळा बिटांचा एक शब्द परत येई, ज्यात दोन बिट फ्लॉपीच्या संख्येला, दोन पडद्याला, तीन सीरियल पोर्टांना, दोन छपाईयंत्रांना वाटून दिलेले असत. १२ क्रमांकाला विचारले की स्मृती किती किलोबाइट आहे ते कळे. पण या मूळ यंत्रात स्मृतीचा हा आकडा स्विचांवरूनच घेतलेला असे. एखाद्याने स्मृतीचे नवे कार्ड बसवावे आणि स्विच हलवावयास विसरावे, की यंत्र अत्यंत निष्ठेने जुनाच आकडा सांगत राही. उत्तर यंत्राच्या मुखातून येत होते, साक्ष मात्र पेटी उघडणाऱ्या माणसाची होती.

याच सुमारास बर्कले विद्यापीठात निराळी वाट शोधली गेली होती. जून १९८१ मध्ये बाहेर पडलेल्या ४.१ बीएसडी या युनिक्समध्ये रॉबर्ट एल्झ याने लिहिलेली स्वयंरचनेची योजना समाविष्ट झाली, आणि तीत कर्नेल स्वतः सुरू होताना जोडलेल्या यंत्रांची पाहणी करी. ही पाहणी मोठी धिटाईची होती. एखादे उपकरण ज्या पत्त्यावर असण्याचा संभव आहे तेथे हात घालून पाहावा. कोणी ओ दिली नाही तर तो पत्ता रिकामा समजावा. आणि ओ आली तर त्या उपकरणाला मुद्दाम डिवचून त्याच्याकडून इंटरप्ट उठवावा, म्हणजे तो कोणत्या मार्गाने येतो यावरून त्याची जोडणी कळते. चौकशीसाठी वेगळी सोय मुळात नसल्यामुळे चौकशीचे काम असे डिवचण्यावर भागवावे लागे.

प्रोसेसरच्या बाबतीत तर डिवचण्याच्याही पलीकडचा प्रकार चाले. आपण ८०८६ वर चालत आहोत की ८०२८६ वर, हे जाणून घेण्याचा सरळ मार्ग नसल्याने प्रोग्रामर दोहोंच्या वागणुकीतील बारीक विसंगती हेरून ठेवीत. स्टॅक पॉइंटर हा रजिस्टर स्टॅकवरच ढकलला असता ८०८६ घटवलेला आकडा लिही आणि ८०२८६ मूळचा आकडा लिही. तेव्हा ढकलून पाहावे, परत काढावे, आणि दोन्ही आकडे जुळतात का यावरून प्रोसेसरची जात ठरवावी. जो दोष किंवा जी लहर पुढच्या आवृत्तीत सुधारली गेली, तीच येथे ओळखपत्राचे काम करीत होती. १९९३ साली पेंटियमबरोबर सीपीयूआयडी ही आज्ञा आली, आणि ती थोड्या उत्तरकालीन ४८६ प्रोसेसरांतही घातली गेली, तेव्हा कोठे प्रोसेसर स्वतःचे नाव स्वतः सांगू लागला. शून्य ही पृच्छा केली की तीन रजिस्टरांत चार-चार करून बारा अक्षरे येत: इंटेलच्या प्रोसेसरात 'जेन्युइनइंटेल' या नावाची, एएमडीच्या प्रोसेसरात 'ऑथेंटिकएएमडी' या नावाची. प्रतिस्पर्ध्यांनी आपापल्या अस्सलपणाची द्वाही फिरवण्यासाठी सिलिकॉनचा असा उपयोग करावा, यातील विनोद त्या काळी फारसा कोणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

सीपीयूआयडीचा इतिहास हा एका चांगल्या कल्पनेचा हळूहळू विस्कटत गेलेला इतिहास आहे, आणि त्यातील दुसरी पृच्छा विशेष पाहण्यासारखी आहे. कॅश किती आणि कशी, हे विचारावयास ती योजली होती. परंतु तिचे उत्तर आकड्यांत न देता एकेका बाइटाच्या सांकेतिक खुणांत दिले जाई, आणि त्या खुणांचा अर्थ इंटेलच्या पुस्तकातील कोष्टकात पाहावा लागे. म्हणजे नवा प्रोसेसर आला की नवी खूण आली, आणि ज्या आज्ञावलीत जुने कोष्टक गोठून बसले होते तिला ती खूण अगम्य झाली. त्यातही षोडशमानातील ४९ ही खूण अशी निघाली की एका विवक्षित झिऑन प्रोसेसरावर तिचा अर्थ तिसऱ्या पातळीची चार मेगाबाइट कॅश, आणि इतरत्र दुसऱ्या पातळीची. तेव्हा खूण वाचण्यापूर्वी कोणाची खूण वाचतो आहोत याचीही शहानिशा करावी लागे. उत्तराच्या पहिल्या बाइटात 'ही पृच्छा किती वेळा करावी' हे सांगण्याची सोय ठेवलेली होती. तिचे उत्तर नेहमी १ हेच येत राहिले. अखेरीस एफएफ ही खूण ठरवण्यात आली, जिचा अर्थ एवढाच की येथे काही मिळणार नाही, चौथ्या पृच्छेकडे जावे. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवणी होते तिचा हा सिलिकॉनमधला अवतार म्हणता येईल. पण चौथी पृच्छा खरोखरच बरी होती, कारण ती कॅशचे आकारमान आकड्यांत सांगे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कॅश किती जणांच्या सामायिक वहिवाटीत आहे हेही सांगे.

उपकरणांच्या बाबतीत याहून नेटकी व्यवस्था १९९२ च्या पीसीआय या रचनेने घालून दिली, आणि तिचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. प्रत्येक उपकरणामागे २५६ बाइटांची एक ठरीव जागा, तिच्या आरंभी निर्मात्याचा क्रमांक, पुढे उपकरणाचा क्रमांक, आणि ते कोणत्या वर्गातले आहे त्याची नोंद; जागा रिकामी असेल तर वाचणाऱ्याला सगळे बिट १ दिसत, आणि म्हणून तेवढा एक क्रमांक कोणाही निर्मात्याला दिला गेला नाही. इंटेलने स्वतःला ८०८६ हा क्रमांक घेतला. उपकरणाला पत्त्यांची किती जागा हवी हे विचारण्याची रीत तर मोठी चतुर आहे. पत्ता लिहावयाच्या रजिस्टरात सगळे बिट १ करून लिहावेत आणि लगेच परत वाचावेत. तळाचे चार खुणेचे बिट सोडून दिले असता जेवढे बिट उपकरणाने शून्यच ठेवले असतील त्यांवरून मागणी कळते, म्हणजे खालचे बारा शून्य राहिले तर ४०९६ बाइट. मात्र हे लिहिणे-वाचणे चालू असताना त्या रजिस्टरात खरा पत्ता नसतो, सबब तेवढ्या काळापुरते उपकरणाला पत्त्यांना प्रतिसाद देण्यापासून थांबवून ठेवावे लागते. विचारण्याने विचारलेली वस्तू क्षणभर विस्कटते, ही अडचण बर्कलेच्या पाहणीतही होती आणि या नेटक्या व्यवस्थेतही शिल्लक राहिली.

येथवरचा सारा व्यवहार 'आहे की नाही' आणि 'असल्यास किती' यांचा होता. शेजाराचा प्रश्न प्रथम ठसठशीतपणे उभा राहिला तो ट्रान्सप्युटरांच्या जगात. इंग्लंडातील ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीने १९८५ साली टी४१४ आणि १९८७ साली टी८०० हे जे प्रोसेसर काढले, त्यांच्या अंगालाच चार दुवे फुटलेले होते, आणि प्रत्येक दुवा दुसऱ्या ट्रान्सप्युटराच्या दुव्याला जोडून हवे तसे जाळे विणता येई. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये जो परम ८००० उभा केला तो याच ट्रान्सप्युटरांचा. त्यामुळे मराठी मुलखातील महासंगणनाचा आरंभच अशा यंत्रावर झाला की ज्यात कोण कोणाला जोडलेला आहे हे ठाऊक असल्यावाचून एक पाऊल टाकता येत नसे. ऑकम या भाषेत लिहिणाऱ्याने कोणती प्रक्रिया कोणत्या प्रोसेसरवर ठेवावयाची आणि कोणता संदेशमार्ग कोणत्या दुव्यावरून न्यावयाचा, हे आपल्या हाताने मांडून द्यावे, असा त्या भाषेचा दंडक होता. आणि मांडलेले कागदावरचे जाळे व प्रत्यक्ष तारांचे जाळे यांत एका दुव्याचा जरी फरक पडला तरी सारे काम मुके होऊन बसे.

यावर जो उपाय निघाला तो मला या सबंध इतिहासातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. ट्रान्सप्युटर नव्याने जागा झाला, आणि रॉममधून सुरू होण्याची त्याला आज्ञा नसली, तर तो चारही दुव्यांकडे कान लावून बसे. कोणत्याही दुव्यावरून पहिला बाइट ० आला तर त्यामागून येणाऱ्या पत्त्यावर त्यामागून येणारा शब्द लिहावा. १ आला तर सांगितलेल्या पत्त्यावरील शब्द वाचून परत धाडावा. आणि त्याहून मोठा आकडा आला तर तेवढे बाइट घेऊन तीच आपली आज्ञावली समजून चालवू लागावे, एवढीच त्याची उपजत विद्या. हिच्या आधारे 'वर्म' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शोधक आज्ञावल्या लिहिल्या गेल्या. यजमान संगणकाने पहिल्या ट्रान्सप्युटरात ही आज्ञावली सोडावी. तिने तेथून उरलेल्या तीन दुव्यांवर एक शब्द लिहून परत मागून पाहावा. ठरावीक अवधीत कोणीच बोलले नाही तर तो दुवा मोकळा. बोलणारा अजून कोरा असेल तर आपलीच एक प्रत त्याच्यात उतरवावी आणि पुढचे शोधकार्य तिच्यावर सोपवावे. आणि पलीकडून आपलीच एखादी प्रत उत्तर देऊ लागली तर जाळे येथे वळून स्वतःला मिळाले आहे असे नोंदवून परतावे. सगळ्या प्रती थांबल्या म्हणजे यजमानाच्या हाती येई तो नुसता ट्रान्सप्युटरांचा आकडा नसे, कोणाचा कितवा दुवा कोणाच्या कितव्या दुव्याला भिडला आहे याचा पुरा नकाशा असे. स्विच, बायोस, पुस्तकातले कोष्टक यांपैकी कोणाचीही साक्ष त्यात घेतलेली नसल्यामुळे तो नकाशा खोटे बोलण्याची शक्यता फारच थोडी होती.

ट्रान्सप्युटर पुढे मागे पडला; शेजाराचा प्रश्न मात्र मोठ्या यंत्रांत वेगळ्या वेषाने आला. सिलिकॉन ग्राफिक्सच्या १९९६ च्या ओरिजिन २००० या यंत्रात एकेका नोडवर दोन प्रोसेसर आणि त्यांची निकटची स्मृती असे. सर्व स्मृती सर्वांना खुली, परंतु आपल्या नोडवरची लवकर मिळणारी आणि दुसऱ्याची विलंबाने. या यंत्रावरील आयरिक्स व्यवस्थेने फाइलींच्या झाडातच एक स्वतंत्र शाखा काढून तीत मोड्यूल, खाच, नोड, प्रोसेसर अशी यंत्राची सारी वंशावळ मांडली. सोलारिसने याहून निराळा आणि माझ्या मते अधिक प्रगल्भ विचार केला: तेथे खाच, नोड ही यंत्राची अवयवनामे न घेता परस्परांना अमुक एका विलंबाच्या आत गाठू शकणारे प्रोसेसर आणि स्मृती यांचे गट सांगितले जात, कारण आज्ञावलीला गरज असते ती निकटतेची, अवयवांच्या नावांची नव्हे. एप्रिल २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने स्मृतीचा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटात घेतला आणि दोन सॉकेटांचा साधा सर्व्हरही या दूर-निकटच्या फेऱ्यात सापडला. तेथे अंतर सांगण्याचे काम फर्मवेअरच्या एका कोष्टकाकडे आले; स्वतःच्या स्मृतीचे अंतर १० धरावे आणि इतरांचे त्या मानाने लिहावे, असा त्याचा नियम. हे कोष्टकच फर्मवेअरने दिले नाही तर लिनक्स दूरच्या नोडचे अंतर २० धरून चालतो. तेव्हा दुप्पट अंतराचा आकडा पाहून कोणी तो मोजलेलाच आहे असे मानू नये.

आकडे ठेवण्याच्या भांड्याचा प्रश्न वेगळाच. आज्ञावली कोणकोणत्या प्रोसेसरांवर चालावी हे सांगण्यासाठी प्रत्येकामागे एक बिट असलेला मुखवटा ठेवण्याची रीत सर्वत्र पडली होती. लिनक्सच्या ग्लिबसी ग्रंथालयाने या मुखवट्याची लांबी सांगणारा घटक २.३ मध्ये मागितला, २.३.३ मध्ये काढून टाकला आणि २.३.४ मध्ये पुन्हा मागितला. एकच नाव, तीन करार. विंडोजचा मुखवटा एका यंत्रशब्दाएवढा, म्हणजे फार तर ६४ बिटांचा. त्याहून अधिक प्रोसेसर आले तेव्हा २००९ साली विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ यांनी ६४-६४ चे गट पाडले, आणि ज्या जुन्या आज्ञावल्यांना गट ही वस्तू ठाऊक नव्हती त्या निमूटपणे एकाच गटात राबू लागल्या. दोन बिटांत फ्लॉपी मोजणाऱ्या १९८१ च्या शब्दाला हसण्याचा अधिकार यांपैकी कोणालाही उरला नव्हता.

या सगळ्या गोंधळातून फ्रान्समधील बोर्दो येथे एचडब्ल्यूलॉक हे ग्रंथालय जन्माला आले. इन्रिया संस्थेच्या रनटाइम या गटात सॅम्युएल तिबो यांनी आपल्या थ्रेड-व्यवस्थेसाठी यंत्ररचना वाचणारा भाग लिहिला होता; लिनक्सच्या उपरोक्त तीन करारांना एका छत्राखाली आणणारे पीएलपीए हे ओपन एमपीआय मंडळींचे लहानसे ग्रंथालय २००९ मध्ये त्याला येऊन मिळाले; आणि २०१० साली पिसा येथील परिषदेत ब्रिस गोग्लँ प्रभृतींनी त्याचे विवरण सादर केले. त्याची रचना अशी की आज्ञावलीने एकदाच 'वाच' म्हणावे, ग्रंथालयाने लिनक्सच्या फाइली, सोलारिसचे गट, विंडोजची आवाहने, प्रोसेसरच्या पृच्छा यांपैकी जे जेथे मिळेल ते वाचून एक झाड उभे करावे, मुळाशी यंत्र, त्याखाली सॉकेट, कॅश, कोअर आणि अग्राशी एकेक प्रक्रियाघटक. आणि पुढे त्या झाडात आपण होऊन बदल करू नये. बिटांचा मुखवटा हवा तेवढा वाढणारा केला गेला. झाड फाइलीत लिहून ठेवता येते आणि ती फाइल दुसऱ्याच यंत्रावर उघडून पहिल्या यंत्राचा अभ्यास करता येतो. पण माझ्या मते यातील खरी शहाणपणाची गोष्ट क्रमांकांची. चार कोअर आणि प्रत्येकात दोन थ्रेड असलेल्या साध्या इंटेल यंत्रावर त्याची एलएसटोपो ही आज्ञा चालवली तर पहिल्या कोअरच्या चौकटीत बहुधा 'एल०, पी०' आणि त्याच्या शेजारी 'एल१, पी४' असे लिहिलेले दिसते; पी हा व्यवस्थेने दिलेला क्रमांक, जो बायोसच्या मर्जीप्रमाणे कोठेही उडी मारतो, आणि एल हा झाडातील स्थानावरून दिलेला, ज्यात लागोपाठचे दोन क्रमांक म्हणजे खरोखरीचे शेजारी. ०, १, २, ३ या व्यवस्थेच्या क्रमांकांवर विसंबून आपण चार कामे एका कोअरच्या आसपास ठेवली अशा समजुतीत राहणाऱ्यांची कामे प्रत्यक्षात चार कोअरांवर पांगलेली असत.

झाडालाही पुढे तडा गेलाच. २०१६ मध्ये इंटेलच्या नाइट्स लँडिंग या प्रोसेसरात १६ गिगाबाइटांची जलद स्मृती नेहमीच्या स्मृतीच्या जोडीला आली, आणि तेच कोअर एकाच वेळी दोन निरनिराळ्या स्मृतींना निकटचे ठरले. ज्या झाडात स्मृतीचा नोड कोअरांचा पूर्वज म्हणून बसवला होता त्यात एका मुलाला एकाच पातळीवरचे दोन बाप कसे दाखवावेत? २०१८ च्या २.० आवृत्तीने स्मृतीला वंशवृक्षाच्या मुख्य खोडावरून उतरवून बाजूला टांगले आणि तिला ऋण खोली दिली. ज्या आज्ञावल्या वरून खाली पातळ्या मोजत स्मृतीपर्यंत जात त्यांना हा बदल महागात पडला, तरी तो करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

'किती' हा प्रश्न तरी सुटला होता असे कोणी म्हणेल, तर तोही नाही. कंटेनरांच्या प्रसारानंतर ६४ कोअरांच्या यंत्रावर दोनच कोअरांची मुभा मिळालेली आज्ञावली लिनक्सची प्रोसेसरांची यादी उघडे आणि तीत सगळे ६४ पाही; जावाचे यंत्र त्यावरून कचरा उचलणारे डझनावारी थ्रेड उभे करी आणि दोन कोअरांवर ते सारे एकमेकांच्या पायांत येत. मार्च २०१८ च्या जावा १० मध्ये ही मुभा तपासण्याची व्यवस्था झाली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलच्या बाराव्या पिढीत आठ मोठे आणि आठ लहान असे सोळा कोअर असलेला प्रोसेसर आला. मोठ्यांत दोन-दोन थ्रेड, लहानांत एकेक, मिळून चोवीस, आणि लहान चौघांमागे एक सामायिक कॅश. चोवीसला दोनाने भागून कोअर मोजणाऱ्या आज्ञावल्यांनी बारा हा असा आकडा काढला की जो त्या यंत्रात कोठेच नव्हता. कोअर मोठा की लहान हे सांगणारी पृच्छा सीपीयूआयडीत घातली आहे खरी, पण ती ज्या कोअरवर चालते तेवढ्यापुरतेच उत्तर देते, म्हणून विचारणाऱ्याला स्वतःस एकेका कोअरवर हलवून घेत चोवीस वेळा विचारावे लागते. लिनक्समध्ये ही यादी तयार मिळते, परंतु ती रचनेच्या दप्तरात नाही. कार्यमापनाच्या यंत्रणेने मोठ्या आणि लहान कोअरांसाठी ज्या दोन वेगळ्या नोंदी स्वतःच्या सोयीखातर केल्या, तेथे ती पडलेली आहे, आणि चौकस आज्ञावल्या तिथूनच ती उचलून नेतात.